पंचाण्णव सालात नसलेला कंटेनर

"हा इथे कसा आला?"

हळबे सरांनी तो जांभळा कंटेनर चिमट्यात पकडून सगळ्यांसमोर धरला. सगळे म्हणजे मी आणि डॉक्टर टिपणीस. मंडळाचे उरलेले दोन सभासद एका मुंजीला गेले होते. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती आणि ती पहिल्यांदाच दिसत असल्यासारखी ते तिच्याकडे बघत होते.

"मागच्या रविवारी मी हा काढून ठेवला होता," मी म्हणालो.

"मग?"

"परत चढला असेल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून ते निवृत्त झाले होते आणि वर्गात विनोद करणाऱ्याकडे कसं बघायचं हे अजून विसरले नव्हते.

इतक्यात खाली सदूभाऊंची गिरणी सुरू झाली. टेबल थरथरलं. पनवेल स्टेशनवरचे हमाल आडवे झाले, आणि मालगाडीचे शेवटचे दोन कंटेनर आपापल्या वॅगनवरून उडून रुळांत पडले. जांभळा सरांच्या चिमट्यात होता म्हणून वाचला. सरांचा हात थरथरत होता तसं त्याच्या पोटात काहीतरी टकटक वाजत होतं.

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पनवेल लघुरेल्वे मंडळ, म्हणजे टेबलावर छोटी रेल्वे मांडून चालवणारे आम्ही पाच जण, तेव्हा सदूभाऊंच्या पिठाच्या गिरणीवरच्या माळ्यावर भरायचं, कारण दुसऱ्या कुणी जागा दिली नव्हती. आमच्या रुळांवर, डोंगरांवर आणि सिग्नलांवर बारा महिने तांदळाच्या पिठाचा थर असे. त्यामुळे आमचं पनवेल हे कोकणातलं एकमेव गाव होतं जिथे कायम बर्फ पडलेला असायचा. मिरची दळायच्या दिवशी मंडळाला सुट्टी असे.

बर्फाबद्दल हळबे सरांची हरकत नव्हती. त्यांची हरकत सालाबद्दल असायची. टेबलावरचं पनवेल पंचाण्णव सालचं होतं. त्यानंतर बांधलेला पूल, त्यानंतर आलेलं इंजिन, त्यानंतरची साबणाची जाहिरात, यातलं काहीही टेबलावर येऊ शकत नसे. हे साल मंडळ स्थापन झालं तेव्हा डॉक्टरांनीच सुचवलं होतं. का, ते कुणी विचारलं नव्हतं. हळबे सरांना एकदा साल मिळालं की कारण लागत नाही.

मी मंडळात सगळ्यात लहान. न्हावा-शेव्याकडच्या एका कंटेनर यार्डात मी नोकरीला होतो. माझं काम म्हणजे रिकाम्या कंटेनरांभोवती चक्कर मारायची आणि कुठे पोचा आलाय, कुठे गंजलंय, कुठल्या दाराचं रबर सुटलंय ते सांगायचं. हे ऐकलं की मुली विषय बदलायच्या. हळबे सरांनी मात्र मला त्याच दिवशी सभासद करून घेतलं आणि मालगाडीवर कुठले कंटेनर चढवायचे ते ठरवायचं काम दिलं.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. हौशी माणूस कंटेनर निवडायला बसला की त्याला सगळे रंग हवे असतात. मग लाल, पिवळा, हिरवा, निळा असे एकापुढे एक लावतो आणि गाडी बारशाच्या गोळ्यांच्या पुडीसारखी दिसायला लागते. खऱ्या गाडीत तसं नसतं. खऱ्या गाडीत बहुतेक माल विटकरी नाहीतर मातकट निळा. एकाच कंपनीचे तीन-चार सलग, कारण ते एकाच बोटीतून उतरलेले असतात. मध्येच एखादा नवाकोरा, लग्नात चुकून आल्यासारखा. गंज कोपऱ्यांतून आणि दाराच्या उंबऱ्याखालून सुरू होतो, मधूनच कुठूनही नाही. मळाचे ओघळ छपरावरून खाली येतात. हळबे सरांनी एक कंटेनर रंगवताना उलटा धरला होता, त्यामुळे त्याच्यावरचे ओघळ खालून वर चढले होते. आम्ही त्याला क्रांतिकारक म्हणायचो. सरांसमोर नाही.

गंज करण्यात डॉक्टरांचा हात कुणी धरू शकत नसे. डॉक्टर मधुसूदन टिपणीस पनवेलचे जुने डेंटिस्ट. दवाखाना बंद केल्यावर सगळी हत्यारं त्यांनी मंडळात आणली होती. दातांतली कीड शोधायच्या आकड्यानं ते कंटेनरचा रंग खरवडायचे, तोंडात घालायचा छोटा आरसा वॅगनखाली धरून चाकं तपासायचे. एकदा मला म्हणाले होते, "चोरघे, गंज आणि कीड सारखीच. कोपऱ्यात सुरू होते आणि माणूस म्हणतो, काही नाही, होईल बरं." बोलताना समोरच्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघायची त्यांना सवय होती. आपण मनातलं बोललो की त्यांना ते दिसतंय असं वाटायचं.

आणि हा जांभळा कंटेनर त्यांचा होता. ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या कुणाला एवढा सुबक गंज जमला नसता. बाजूला पांढऱ्या अक्षरांत नॉर्डव्हिक लिहिलेलं. दार दाताच्या सिमेंटनं पक्कं बुजवलेलं. रविवारी मी तो गाडीवरून काढून बाद कंटेनरांच्या बरणीत टाकायचा आणि पुढच्या रविवारी तो परत गाडीवर. आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. बुद्धिबळासारखं चाललं होतं, फक्त एकाच प्याद्याचं.

"नॉर्डव्हिकचा पहिला कंटेनर आपल्या बंदरात दोन हजार सालानंतर आला," सर म्हणाले. "चोरघे, बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे हा बाद. पुढच्या रविवारी शाळेची मुलं बघायला येणार आहेत. मुलांना मी चुकीचा इतिहास दाखवणार नाही."

डॉक्टर भिंतीकडे बघतच म्हणाले, "एक असू दे की हळबे. चाळीसातला एक."

"एकानंच सुरुवात होते."

"त्यात माल आहे."

"कसला माल?"

डॉक्टर पहिल्यांदा वळले. सरांकडे नाही, माझ्याकडे. "चोरघे, तुझ्या यार्डात सील लावलेला कंटेनर येतो. तू उघडून बघतोस?"

"नाही."

"का?"

"सील शाबूत असलं की आत काय आहे हा आमचा प्रश्न नसतो."

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाले, सरांच्या चिमट्यातून कंटेनर अलगद काढून घेतला आणि खिशात टाकून जिना उतरून गेले. जिन्यावर प्रत्येक पायरीला तो टकटक वाजत गेला.

सरांनी रुळांत पडलेले दोन कंटेनर वॅगनवर परत ठेवले. मग म्हणाले, "नॉर्डव्हिक म्हणजे शिरीषची कंपनी ना रे?"

शिरीष डॉक्टरांचा मुलगा. मी त्याला पाहिलेलं नव्हतं, पण पनवेलात त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बोटीवर ऑफिसर झाला, आणि एका वादळात डेकवर काहीतरी सुटलंय म्हणून बघायला गेला तो परत आला नाही. शोधाशोध झाली, सापडलं काही नाही. कंपनीनं त्याची ट्रंक घरी पाठवली. त्याला आता बारा वर्षं होत आली होती. माणूस बेपत्ता असला तर आपल्याकडे बारा वर्षं वाट बघतात आणि मग पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. डॉक्टरांच्या पत्नी, कुमुदकाकू, ते करायचं म्हणत होत्या. डॉक्टर नाही म्हणत नव्हते. गुरुजी घरी यायच्या वेळेला ते मंडळात असायचे, एवढंच. त्या महिन्यात आमची मालगाडी जेवढी धावली तेवढी खरी मालगाडीसुद्धा धावत नसेल.

सरांनी चिमटा खाली ठेवला. "तरीसुद्धा," ते एवढंच म्हणाले.

बुधवारी माझी सुट्टी होती. मुलं यायच्या आत गाडी नीट लावून ठेवावी म्हणून मी सकाळीच मंडळाकडे गेलो, तर गिरणीत कुमुदकाकू बसलेल्या. मांडीवर भाजणीचा डबा, पुढे दोन नंबर. वरून गाडीची बारीक घरघर येत होती, म्हणजे डॉक्टर वर होते.

"तू चोरघ्यांचा ना?" काकू म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे ओरडल्या, कारण जातं चालू होतं. "यार्डातला?"

मी मान हलवली. त्यांनी मला शेजारच्या पोत्यावर बसायला लावलं आणि घरातली गोष्ट, जी एरवी दार लावून कुजबुजत सांगतात, ती गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून सांगितली. गुरुवारी गुरुजी येणार होते. नदीवर सगळं ठरलं होतं. यांनी हो म्हटलं होतं, पण यांचं हो म्हणजे पेशंटला 'दुखणार नाही' म्हणायचे तसलं. गुरुजींनी विचारलं होतं की मुलाच्या देहाचं काही आहे का, केस, नख, काहीही. असलं तर पुतळ्यात ठेवू. तर आहे. बोटीवर जायच्या आधी यांनीच काढलेली. शास्त्रात बसतं का असं काकूंनी विचारलं, तेव्हा गुरुजी म्हणाले, शास्त्राचं मी बघतो, तुम्ही घेऊन या. कपाटातली डबी उघडली तर रिकामी. विचारलं तर म्हणतात, असेल कुठेतरी. म्हणून त्या भाजणी घेऊन इथे आल्या होत्या. घरात भाजणी आधीच दोन डबे होती.

मला सगळं ऐकू येत नव्हतं. "काय काढलेली?" मी ओरडून विचारलं.

"त्यांना सांग," काकू ओरडल्या, आणि नेमकं त्याच क्षणी सदूभाऊंनी पट्टा काढला. जातं थांबलं. "माझ्या पोराची दाढ द्या म्हणावं."

रांगेतल्या बाईनं पदर तोंडाला लावला. वरची घरघरही थांबली. मग थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली, आणि त्या शांततेत पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू आलं: घरघर, आणि प्रत्येक वळणावर टकटक.

मी वर गेलो. डॉक्टर स्टुलावर बसले होते. गाडी त्यांच्या समोर गोल फिरत होती आणि इंजिनाच्या मागेच, पहिल्या वॅगनवर, तो जांभळा होता.

"काकू खाली आहेत," मी म्हणालो.

"ऐकलं."

गाडी बोगद्यात गेली, बाहेर आली. यार्डात आम्ही म्हणतो की ज्या कंटेनरमध्ये माल वाजतो त्याचा माल नीट बांधलेला नाही. ते सांगायची ही वेळ नाही एवढं मला कळलं. माझ्या मानानं ते बरंच होतं.

"अक्कलदाढ," डॉक्टर म्हणाले. "बोटीवर चढायच्या आधी दात तपासून घ्यावे लागतात. मीच काढली. तेवीस वर्षांचा घोडा, खुर्चीचा हात सोडेना. मी म्हटलं, बाबा आहे रे, कुणी परका नाही. तर म्हणतो, म्हणूनच भीती वाटते." त्यांनी गाडीचा वेग थोडा कमी केला. "ती टाकायची राहून गेली. त्या कापसात तशीच."

मी दुसऱ्या स्टुलावर बसलो.

"गुरुजी ती जाळणार. मग संपलं. आता निदान कुठेतरी चाललीय. वाटेत असलेल्या मालाला हरवला म्हणतात का रे तुमच्याकडे?"

"नाही. उशीर झाला म्हणतात."

"किती उशीर झाला की हरवला?"

मला एखादं बरं खोटं सुचलं असतं तर मी बोललो असतो. सुचलं नाही, म्हणून यार्डातलं खरं सांगितलं. आमच्याकडे एक कंटेनर खूप महिने पडून होता. सील शाबूत. कुणी न्यायला येईना. सुरुवातीला आम्ही त्याच्याकडे बघायचो, मग त्याच्या सावलीत डबा खायला बसायला लागलो, मग तो तिथला डोंगर असावा तसा झाला. शेवटी नोटीस निघाली.

"कुणाला?"

"ज्याच्या नावावर माल होता त्याला."

"आला तो?"

"आला. सील त्याच्यासमोर तोडलं. दुसऱ्या कुणासमोर तोडता येत नाही."

डॉक्टर गाडीकडे बघत राहिले. ती स्टेशनात शिरत होती. त्यांनी बटण फिरवलं आणि जांभळा कंटेनर बरोबर त्यांच्यासमोर येऊन थांबला.

"आणि हा कुणाच्या नावावर आहे?"

"मला वाटतं," मी म्हणालो, "त्या खाली भाजणी दळून घेतायत."

डॉक्टरांनी माझ्या दातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बोलाव," ते म्हणाले.

काकू मंडळात पहिल्यांदाच येत होत्या. शेवटच्या पायरीवर थांबून त्यांनी आमचं सगळं पनवेल एकदा बघून घेतलं: स्टेशन, तळं, डोंगर, चाळीस कंटेनरांची गाडी. मग टेबलाच्या कडेवर बोट फिरवून जिभेला लावलं.

"तांदळाचं," म्हणाल्या. "जाड दळलंय."

डॉक्टरांनी स्टूल त्यांना दिलं. खिशातून ती आकड्याची सळई काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि जांभळा कंटेनर डाव्या हाताच्या तीन बोटांत असा धरला की दुसऱ्या कुणी तसा धरूच शकला नसता. एखाद्याचा जबडा धरावा तसा. दाराच्या फटीतलं सिमेंट ते कणाकणानं काढत होते. काकू बघत होत्या. मी कुठे बघावं हे न कळून हमाल उभे करत बसलो. खाली गिरणी बंदच होती. सदूभाऊंनी मुद्दाम बंद ठेवली होती की पट्टा तुटला होता, मी कधी विचारलं नाही.

दार उघडलं. डॉक्टरांनी कंटेनर काकूंच्या ओंजळीवर तिरका केला आणि दाढ बाहेर पडली. पिवळट, दोन मुळं, एका बाजूला काळा खड्डा.

काकूंनी ती उजेडात धरली.

"किडलीय," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर काढली."

"दातांच्या डॉक्टरचा मुलगा."

"गोळ्या कोण द्यायचं त्याला? दवाखान्यात यायचा तेव्हा खिसे भरलेले असायचे."

"मी कशाला देईन. तुम्हीच द्यायचात, रडू नये म्हणून."

डॉक्टरांचा खालचा ओठ हलला आणि त्यांनी तो वरच्या दातांखाली धरून ठेवला. काकूंनी दाढ पदराच्या टोकाला ठेवली, घट्ट गाठ मारली, आणि ती गाठ मुठीत धरून तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं डॉक्टरांनी हात पुढे केला. काकूंना वाटलं असेल की ते गाठ मागतायत, त्यांनी मूठ आवळली. पण डॉक्टरांनी फक्त ती मूठ आपल्या हातात घेतली. मी खाली जाऊन भाजणीच्या डब्यापाशी उभा राहिलो. कुणीतरी नंबर धरायला हवा होता.

गुरुवारी मी नदीवर गेलो. डॉक्टरांनी बोलावलं होतं. हळबे सरही आले होते, शाळेच्या समारंभाला घालायचे तो कोट घालून. गाढी नदीला पाणी कमी होतं. गुरुजी तरुण होते, जेमतेम माझ्याएवढे, आणि दर्भाच्या काड्या बांधून, त्यावर पळसाची पानं अंथरून पुतळा करत होते. डॉक्टर शेजारी उकिडवे बसून त्यांच्या हातांकडे बघत होते. कामात घाई होतेय का, ते बघावं तसे.

"लांबी किती घेता?" त्यांनी विचारलं.

"माणसाएवढी, अंदाजे," गुरुजी म्हणाले.

"अंदाजे नको."

गुरुजींनी वर पाहिलं.

"पाच फूट दहा इंच होता," डॉक्टर म्हणाले. "चोरघे, पट्टी आहे?"

माझ्या खिशात मंडळाची पट्टी होती. ती नेहमीच असायची. पण ती आमच्या कामाची पट्टी. टेबलावरचं सगळं खऱ्यापेक्षा सत्याऐंशी पट लहान, आणि त्या पट्टीवरचे फूटही तसेच, मुंगीच्या मापाचे. मी डॉक्टरांना ते सांगायला गेलो, तर ते म्हणाले, मोज. मी पानांच्या टाचेपासून सुरुवात केली. पट्टी टेकवायची, बोट धरायचं, पुढे सरकवायची. मी मोठ्यानं आकडे म्हणत होतो. गुरुजी हात जोडून थांबले होते. बहुधा त्यांना हा आमच्यातला एखादा विधी वाटला असावा. आमच्या पट्टीप्रमाणे शिरीष पाचशे फुटांच्या वर भरला. जवळजवळ एका बोटीएवढा.

पानं थोडी कमी पडत होती. गुरुजींनी आणखी लावली.

"आता स्केल काय झालं?" हळबे सरांनी हळूच विचारलं. ते असं काही विचारतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनाही वाटलं नसावं.

"एकास एक," डॉक्टर म्हणाले.

डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मग गुरुजींनी एक डाळिंब फोडलं आणि त्याचे दाणे नारळाच्या खालच्या बाजूला ओळीनं लावायला घेतले. दातांसाठी डाळिंबाचे दाणे घेतात हे मला त्या दिवशी कळलं. डॉक्टरांनाही तेव्हाच कळलं असणार, कारण ते पुढे वाकले. गुरुजींनी काकूंकडून दाढ घेतली आणि दाण्यांच्या ओळीत पुढेच, मधोमध ठेवली.

"तिथे नाही," डॉक्टर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. खुर्चीतल्या माणसाशी बोलायचा असेल तसा. "ही सगळ्यात मागची. खालची, उजवीकडची."

"आपण ठेवता?"

डॉक्टरांनी ठेवली. आधी उजवा गुडघा वाळूत टेकवला, डावा हात नारळाच्या खाली दिला, आणि दोन दाणे बाजूला सारून त्या जागी दाढ बसवली. बोटानं थोडी दाबून बघितली. हलत नाही याची खात्री झाल्यावर हात काढून घेतला, आणि सवयीनं, मला वाटतं नुसत्या सवयीनं, म्हणाले, "झालं. आता दुखणार नाही."

काकू तेव्हा रडल्या. डॉक्टर नाही. अग्नी देताना त्यांचा हात स्थिर होता, माझ्या हातात तूप होतं ते मात्र सांडलं. पानं लवकर पेटतात आणि लवकर संपतात. नंतर पाण्यात सोडायला जे हाती आलं त्यात दाढ होती की नव्हती ते मी पाहिलं नाही. पाहण्यासारखं सील आता नव्हतं.

रविवारी मुलं यायच्या आधी मी आणि सर मंडळात होतो. रात्रभर गिरणी चालली होती, म्हणून आमच्या पनवेलवर ताजा बर्फ होता आणि मी तो दाढीच्या ब्रशनं रुळांवरून झाडत होतो. गाडी मी लावली होती: विटकरी, विटकरी, मातकट निळा, तीन सलग एकाच बोटीतून उतरलेले, आणि सगळ्यात शेवटी क्रांतिकारक. इंजिनामागची पहिली वॅगन मी रिकामी ठेवली होती. सरांनी ते पाहिलं.

डॉक्टर आले. त्यांनी खिशातून जांभळा कंटेनर काढला. दार उघडंच होतं. पहिल्या वॅगनवर न ठेवता तो त्यांनी स्वतःच बाद कंटेनरांच्या बरणीत टाकला आणि झाकण लावलं. आता तो वाजला नाही.

"तुमचं बरोबर होतं हळबे," ते म्हणाले. "पंचाण्णवात हा नव्हता."

सरांना बरोबर असणं आवडायचं, पण त्या दिवशी त्यांनी मान खाली घातली.

"पंचाण्णवात तो घरी होता," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या खिशातून कापसाची पुडी काढली. कापसात एक माणूस होता. दोन सेंटिमीटर उंच, दाताच्या सिमेंटचा, पांढरा शर्ट, खाकी पँट, पाठीला दप्तर. चेहरा केलेला नव्हता. एवढ्या लहान चेहऱ्यावर काही करता येत नाही, नाक केलं तर फोड दिसतो. त्यांनी त्याला चिमट्यानं उचलून स्टेशनच्या फलाटावर, नळाजवळ उभं केलं.

सर वाकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला वाटलं आता ते काही चांगलं बोलतील.

"एवढा उंच नव्हता," सर म्हणाले.

मी ब्रश खाली ठेवला.

"पंचाण्णवला दहावीत होता," सर म्हणाले. "दहावी ब. माझ्या वर्गात. दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसायचा, डबा दुसऱ्या तासालाच खायचा. उंची नंतर वाढली त्याची. तेव्हा माझ्याएवढा होता. फळा पुसायला उभा राहिला की आमची डोकी एका रेषेत यायची."

डॉक्टरांनी सरांना डोक्यापासून पायापर्यंत नीट बघून घेतलं. मग फलाटावरचा माणूस परत उचलला, स्टुलावर बसले, आणि बारीक कानस घेऊन त्याच्या बुटांचे तळवे घासायला लागले. घासायचे, माझ्या पट्टीला लावून बघायचे, पुन्हा घासायचे. सर शेजारी उभे राहून सांगत होते, अजून जरा, अजून जरा, बस. एखादा मिलिमीटर गेला असेल. त्याची पांढरी पूड टेबलावर सांडली आणि तिथल्या पिठात मिसळून गेली.

डॉक्टरांनी त्याला पुन्हा नळाजवळ उभं केलं. तळव्याखाली सिमेंटचा एक ठिपका लावला. ते सुकायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात धक्का बसता कामा नये.

मी जिना उतरून खाली गेलो आणि सदूभाऊंना म्हटलं, जरा वेळ गिरणी सुरू करू नका.